टरबुजातला ट

डॉक्टरांनी पाकिटातून तीन कार्डं काढली आणि माझ्या टेबलावर, अर्धवट तपासलेल्या प्रुफांच्या गठ्ठ्याशेजारी, ओळीनं मांडली. प्रत्येक कार्ड वेगळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत. तिन्हींवर फोटो एकच, मोठ्या कानांचा एक अठरा-एकोणीस वर्षांचा पोरगा, डाव्या हातात चेंडू धरून उभा. आणि फोटोखाली तिन्हींवर एकच नाव छापलेलं, सदानंद खोट.

"यातलं एकच खरं आहे," डॉक्टर म्हणाले. "कुठलं ते तुम्ही सांगायचं."

मी चष्मा काढून पदराला पुसला. पुसायची काही गरज नव्हती. कुठलं खरं ते मला बसल्या जागेवरून दिसलं होतं. मला फक्त हा माणूस कोण आहे आणि माझ्याकडेच का आला आहे, याचा विचार करायला वेळ हवा होता.

ही गोष्ट २००६ सालच्या मार्चमधली. मी तेव्हा सांगलीत, विश्रामबागेतल्या दोन खोल्यांत एकटी राहायचे आणि घरी बसून पुण्याच्या प्रकाशकांची प्रूफं तपासायचे. तेवीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका शोधत बसलेल्या बाईचा स्वभाव जसा होईल तसाच माझा झाला होता. दूधवाल्यानं 'आज दूध चांगलंय' म्हटलं, तर काल काय होतं, असं माझ्या मनात यायचं.

त्या पोराचं खरं आडनाव खोत. खोत कोण ते सांगायला हवं. तासगावकडचा हा डावखुरा फिरकी गोलंदाज पुढे देशाकडून खेळला, आणि आमच्या भागात पोरांना डाव्या हातानं गोलंदाजी शिकवायचं वेड त्यानं लावलं. पण १९८३ साली त्याला तालुक्याबाहेर कुणी ओळखत नव्हतं. त्या वर्षी एका चिंगमच्या कारखान्यानं प्रत्येक चिंगममागे एक कार्ड द्यायचं ठरवलं. जिल्ह्यातले वीस खेळाडू, वीस कार्डं. त्यात खोतही होता. त्याचं ते पहिलं कार्ड. आणि त्याच्या पहिल्या खेपेवर 'खोत'चं 'खोट' छापलं गेलं. काही खोकी बाजारात गेल्यावर चूक लक्षात आली, उरलेली कार्डं बंबात घातली आणि नवी छापली. त्यामुळे कार्डं जमवणारे लोक बरोबर नावाच्या कार्डाला विचारत नाहीत. त्यांना 'खोट'वालं हवं असतं.

कार्डं जिथं छापली त्या शेट्यांच्या छापखान्यात मी तेव्हा प्रूफं तपासायला होते. नोकरीचं पहिलंच वर्ष. आणि त्या एका अक्षरापायी आमच्या छापखान्यातल्या एका माणसाची नोकरी गेली होती, आण्णाप्पा मगदूम यांची. तीस वर्षं छपाईचे खिळे, म्हणजे शिशाची अक्षरं, जुळवलेला माणूस, सगळे त्यांना आण्णा म्हणायचे. मी त्या दिवसापासून एका गोष्टीला भीत आले होते. कधीतरी आण्णांच्या घरचं कुणीतरी दार वाजवील आणि त्या कार्डाबद्दल विचारील.

आता दार वाजलं होतं.

पाहुण्यांनी स्वतःचं नाव डॉ. उपाध्ये सांगितलं. पुण्याचे दातांचे डॉक्टर. लहानपणी सुट्टीत सांगलीला मामाकडे यायचे, तेव्हा एकोणीस कार्डं जमली होती आणि खोत तेवढा राहिला होता. आता पुण्यात कार्डं जमवणाऱ्यांचं प्रदर्शन भरणार होतं. तीन गावांतल्या तीन माणसांनी आपापलं कार्ड त्यांना बघायला दिलं होतं, आणि डॉक्टरांनी एक ठेवून दोन संध्याकाळपर्यंत कुरिअरनं परत पाठवायची होती. माझा पत्ता त्यांना शेट्यांच्या मुलानं दिला. 'ठोसरबाई त्या वेळी प्रूफं बघायच्या,' एवढंच त्यानं सांगितलं म्हणे.

एवढंच? मला पटलं नाही.

"माझा तर पहिल्यावर डोळा आहे," डॉक्टर म्हणाले. "किती स्वच्छ छपाई आहे बघा. दुसरं थोडं फिकट वाटतं. आणि तिसरं तर सरळ बनावट. हा ट बघा ना, बाकीच्या अक्षरांपेक्षा जाड आहे. कुणीतरी मागाहून खिळा घुसवल्यासारखा."

मी मान वर केली. आजकालचा माणूस 'अक्षर' म्हणेल, फार तर 'टाइप' म्हणेल. खिळा म्हणणारा माणूस छापखान्यात वाढलेला असतो, नाहीतर छापखान्यात वाढलेल्याच्या घरचा. आणि उपाध्ये हे आडनाव आमच्याकडे जैनांतही असतं. मगदूम आण्णा जैन.

मी उठले आणि पोहे करते म्हणून आत गेले. पोह्यांत मी मुद्दाम दोन मोठे बटाटे चिरून घातले. आण्णा जमिनीखाली पिकणारं काही खात नसत. त्यांच्या डब्यात तीस वर्षांत बटाटा कुणी पाहिला नव्हता. कांदाही घालणार होते, पण घरात नव्हता. हे आज सांगताना मला हसू येतं, पण तेव्हा मी ओट्याशी उभी राहून अगदी गंभीरपणे ती फोडणी परतत होते.

बशी त्यांच्यासमोर ठेवली आणि पुन्हा कार्डांकडे बघायला लागले. तिसऱ्यातल्या त्या जाड 'ट'कडे माझं लक्ष पुन्हा पुन्हा जात होतं. डॉक्टर म्हणत होते ते खरंच होतं, तो मागाहूनच घुसवला होता. फक्त घुसवणारा बनावट करणारा नव्हता. तो जाड ट असा का आहे हे डॉक्टरांना सांगितलं, तर ओघानं सगळंच सांगावं लागलं असतं. आणि पहिल्यावर बोट ठेवलं, तर खरं कार्ड संध्याकाळच्या कुरिअरनं कुठल्यातरी गावी परत गेलं असतं आणि मी सुटले असते.

"पहिलं," मी म्हटलं.

डॉक्टरांचा चेहरा फुलला. त्यांनी पहिलं कार्ड अलगद वहीत ठेवलं आणि तिसरं पाकिटात घालून वर पत्ता लिहायला घेतला. लिहिता लिहिता पोह्यांचा एक घास खाल्ला, आणि चमच्यानं बटाट्याच्या फोडी एकेक करून बशीच्या कडेला सारल्या.

"बटाटा चालत नाही का?" मी विचारलं.

"नाही हो, बंद आहे," ते म्हणाले आणि पत्ता लिहीत राहिले.

म्हणजे हा आण्णांच्याच घरचा. कार्ड कुठलं खरं ते याला आधीच ठाऊक आहे. प्रदर्शन, कुरिअर, सगळा बनाव आहे. याला फक्त ठोसरबाई अजून खोटं बोलते का, एवढं बघायचं होतं. आणि मी बोलले. हा आता घरी जाऊन सांगणार की आण्णा, बाईनं खोटं बोलणं अजून सोडलं नाही.

"तुम्ही मगदूम आण्णांचे कोण?" मी विचारलं.

"कोण मगदूम?"

"उगाच आडून आडून काढून घेऊ नका. ते पाकीट फोडा. तिसरं खरं आहे."

त्यांनी पेन खाली ठेवलं. आणि मग तेवीस वर्षांत जे मी कुणालाच सांगितलं नव्हतं, ते मी त्या माणसाला धडाधड सांगून टाकलं.

झालं होतं असं. कार्डांच्या महिनाभर आधी मी एका लग्नपत्रिकेतलं आडनाव आपल्या मनानं सुधारलं होतं, आणि शेट्यांनी मला सगळ्यांदेखत झापलं होतं. आडनावात डोकं चालवायचं नाही, कॉपीत, म्हणजे गिऱ्हाइकाच्या मजकुरात, असेल तसं जाऊ द्यायचं, म्हणून. तो राग माझ्या डोक्यात होता. खेळाडूंची यादी चिंगमवाल्यांच्या कारकुनानं हातानं लिहून पाठवली होती आणि त्याच्या अक्षरांना वेलबुट्टीची हौस होती. खोतचा त त्यानं असा काही वळवला होता की मला तो ट दिसला. आण्णांनी 'खोत' जुळवलं होतं. बरोबर जुळवलं होतं. मी प्रूफवर त्या 'त'वर काट मारली आणि समासात ट लिहिला.

आण्णा केसपाशी, म्हणजे खिळ्यांच्या खणांच्या पेटीपाशी, उभे होते आणि पलीकडे मशीन चालू होतं. त्यांनी तिथूनच ओरडून विचारलं, "बाई, खोत असंल की ओ ते?"

मशीनच्या आवाजात त आणि ट ऐकायला सारखेच. म्हणून छापखान्यात अक्षर सांगायची रीत होती शाळेतल्या अंकलिपीची. मीही तशीच ओरडले, "कॉपीत ट आहे, आण्णा. टरबुजातला ट."

आण्णांनी खिळा बदलला. पण त्या केसच्या खान्यात ट शिल्लकच नव्हते. जिल्ह्यातले वीस खेळाडू घेतले की त्यात सहा पाटील येणारच, आणि सहा पाटलांनी सगळे ट संपवले होते. आण्णांनी शेजारच्या जाड अक्षरांच्या केसमधला एक ट आणून बसवला. म्हणून तो जाड. छपाई जाणणाऱ्या कुणालाही त्यावरून कळतं की तिथं आधी दुसरं अक्षर होतं आणि कुणीतरी ते बदलायला लावलं.

कार्डं बाजारात गेली आणि चौथ्या दिवशी खोताचा चुलता चिंगमच्या कारखान्यात जाऊन उभा राहिला. आमच्या पोरात काय खोट आहे ते दाखवा, म्हणाला. कारखानदार शेट्यांकडे आला. शेट्यांनी कॉपी काढली, खिडकीपाशी धरली आणि म्हणाले की इथं तर सरळ त आहे. मी पाहिलं. खरंच त होता. त्या क्षणी तो मला त दिसला.

"बाई, तुम्ही प्रूफ पाहिलं होतं?" शेट्यांनी विचारलं.

"मी पाहिलं तेव्हा त होता," मी म्हटलं.

हे वाक्य अक्षरशः खरं होतं, मी काट मारायच्या आधी प्रूफवर तच होता. म्हणूनच ते माझ्या तोंडून एवढं ठाम निघालं असावं. शेट्यांनी प्रूफ मागितलं, तर मी सापडत नाही म्हणून सांगितलं. ते माझ्या पिशवीत होतं, डब्याखाली घडी करून. घरी वडील अर्धांगानं अंथरुणाला खिळलेले, भाऊ शाळेत, आणि मिळवणारी मी एकटी. ही सबब नाही. पण तेव्हा मला दुसरं काही सुचलं नाही.

मग शेटे आण्णांकडे वळले. ट कुणी लावला? आण्णांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि मी लावला म्हणाले. शेट्यांनी आपल्या मनानं जोडलं, मशीनवर खिळा निसटला असणार आणि म्हाताऱ्यानं भलताच भरला असणार. त्या शनिवारी आण्णा डबा आणि टोपी घेऊन गेले ते पुन्हा आले नाहीत. मला पाठीशी घालून गेले, असं मी धरून चालले. कधी त्यांच्याबद्दल माया वाटे, आणि कधी वाटे की हा माणूस एक दिवस माझ्याकडून वसूल करणार.

माझं सांगून झाल्यावर डॉक्टर म्हणाले, "बाई, मी या मगदूमांना ओळखत नाही. आम्ही उपाध्ये देवरुखचे. बटाटा मला साखरेमुळे बंद आहे, सात वर्षं झाली."

"आणि खिळा?"

"दिवसभर लोकांच्या जबड्यात खिळेच बसवतो. तोंडात तोच शब्द असतो."

मला इतकी लाज वाटली की मी त्यांच्या पुढची बशी उचलून आत घेऊन गेले. एका परक्या माणसासमोर मी सगळं उघडं केलं होतं, बटाट्याच्या फोडींवरून.

परत आले तेव्हा डॉक्टर पाकीट फोडून तिसरं कार्ड हातात घेऊन बसले होते. आण्णा आहेत का, असं त्यांनी विचारलं. समडोळीला थोरल्या मुलाकडे असतात, मी म्हटलं. एकदा बसस्टँडवर दिसले होते आणि मी रस्ता ओलांडून पलीकडे गेले होते, तेही सांगितलं. आता लपवायला उरलं काय होतं.

"मला या कार्डाला त्यांचा हात लागायला हवाय," डॉक्टर म्हणाले. "गाडी आहे. तुम्ही येणार का?"

नाही म्हणायचं असं मी मनात ठरवलं, आणि कपाटातला जाडजूड शब्दकोश काढला. त्यात ते प्रूफ होतं. संशयी माणूस कुठलाच कागद फाडत नाही, स्वतःविरुद्धचासुद्धा.

समडोळीला पोचलो तेव्हा साडेपाच होऊन गेले होते. आण्णा ओसरीवर जेवायला बसायच्या तयारीत होते, सूर्य मावळायच्या आत जेवायची त्यांची रीत अजून चालू होती. अंगानं निम्मे झाले होते आणि दोन्ही डोळ्यांनी फक्त उजेड कळायचा. त्यांचा मुलगा जिनपाल गोठ्याकडे होता. मी हाक मारली, आणि नाव सांगायच्या आतच आण्णा म्हणाले, "ठोसरबाई का ओ? आवाज तसाच ऱ्हायलाय."

डॉक्टरांनी आपण कोण ते सांगितलं आणि कार्ड पिशवीतून काढून त्यांच्या हातात दिलं. आण्णांनी ते आधी उलटं केलं आणि पाठीमागून अंगठा फिरवला. खिळ्यांनी छापलं की कागदाच्या पाठीवर अक्षरं किंचित उठतात, ती ते चाचपत होते. अंगठा शेवटच्या अक्षरावर थांबला.

"हेच," ते म्हणाले. "जाड हाय बघा. पाटलांनी खाल्ले सगळे ट."

डॉक्टर हसले. आण्णाही हसले. मला हसता आलं नाही.

"आण्णा, त्या दिवशीचं प्रूफ माझ्याकडे होतं," मी म्हटलं. "सापडत नाही म्हणाले ते खोटं होतं. आज आणलंय."

त्यांनी हात पुढे केला. मी कागद हातावर ठेवला. घडीवर तो फाटायला आला होता. आण्णांनी तो डोळ्यांजवळ नेला, उजेडाकडे धरला आणि मला परत दिला.

"मला दिसत न्हाई. तुम्ही वाचा."

मी वाचलं, "सदानंद खोत. डावखुरा फिरकी गोलंदाज. तासगाव."

"खोत हाय?"

"हो. तुम्ही खोत जुळवलं होतं. 'त'वर माझी काट आहे आणि समासात ट आहे. खाली माझी सही आहे."

मी रागाची वाट बघत होते, किंवा माफीची. या दोन्हींपैकी एकाची तयारी मी गाडीत करून आले होते.

"म्हंजे मी बरोबर लावलं होतं," ते म्हणाले.

"हो, आण्णा."

"तवा तुम्ही इतक्या ठाम बोलला, त होता म्हणून. आन् प्रूफ न्हाई म्हटल्यावर मी काय बोलणार. घरला आलो. घरची म्हणाली, चुकला असाल, वय झालं. पोरं म्हणाली. मग रात्रंदिवस आठवून बघाय लागलो. मशीनचा आवाज होता. मला वाटाय लागलं, तुम्ही तलवारीतला त म्हटला असाल आन् मीच टरबूज ऐकलं. त्याच्या पुढं कुठल्या कामावर माझा हातच बसला न्हाई, बाई. कोल्हापुरात दोन ठिकाणी लागलो. एकेक ओळ तीन तीन डाव तपासायचो. मालक म्हणायचे, मगदूम, असं केल्यावर काम कवा व्हायचं. सोडलं मग."

तेवीस वर्षं मी दाराकडे कान लावून बसले होते. हा माणूस माझ्यावर संशय घेत असेल, या भीतीनं. त्यानं सगळा संशय स्वतःवर घेतला होता. मला तिथं ओसरीवर रडू आलं आणि मी ते दाबलं नाही.

आण्णांचं माझ्या रडण्याकडे लक्ष नव्हतं. ते गोठ्याच्या दिशेनं तोंड करून जिनपालला हाका मारत होते. सुनेलाही बाहेर बोलावलं. जिनपाल हात पुसत आला. सून ताट घेऊन उंबऱ्यात थांबली. जेवायची वेळ टळत होती, सूर्य उसाच्या टोकाला टेकला होता, पण आण्णांनी ताट नको म्हणून हात हलवला.

"बाई, परत वाचा," ते म्हणाले. "मोठ्यानं. मशीन चालू हाय असं समजा."

मी उभी राहिले. कागद दोन्ही हातांत धरला आणि शेट्यांच्या छापखान्यात ओरडायची तशी ओरडून वाचायला लागले.

"सदानंद खोत. तलवारीतला त."